भात लागला त्या दिवशी

“भात लागलाय वाटतं यांचा,” खिडकीजवळच्या टेबलावरची बाई नवऱ्याला हळूच म्हणाली.

पुण्याहून आलेली जोडी होती. आमच्या भागात माणसं हळू बोलत नाहीत, म्हणून हळू बोललेलं मला लगेच ऐकू येतं. मी मधल्या दारात स्टुलावर बसले होते. भाताचं पातेलं माझ्यापासून दोन हातांवर, चुलीवर. मी मान वळवून बघितलं. झाकणाच्या कडेनं बारीक करडा धूर निघत होता. मला धूर दिसला. वास आला नाही.

काकी मागच्या अंगणातून आली ती थेट पातेल्याकडे. फडक्याने धरून तिने ते उतरवलं, पाण्याच्या परातीत ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

“प्राजे, शेजारी बसलीस आन तुला कळलं न्हाई? नाक काय भोरला ठिवून आलीस?”

“मोबाईलमदी आसंल, बघा वहिनी,” काकांच्या हॉटेलात कामाला येणारी सुमनमावशी भाकरी थापता थापता म्हणाली.

दोघी हसल्या. मीही हसले. तोंडावर मास्क होता. डोळे बारीक केले की बाहेरून हसल्यासारखं दिसतं, हे मी तोवर शिकले होते.

काकीच्या स्वयंपाकघरात माझ्या नाकाला मान होता. दूध नासायला लागलं की तापवायच्या आधी मला कळायचं. इंद्रायणीचा भात शिजत आला, पाणी आटलं, की वास जरासा बदलतो. तो बदल काकीला कामाच्या गडबडीत कळायचा नाही, मला कळायचा. म्हणून मला तिथे बसवलेलं. बाकी माझा काही उपयोग नव्हता. मला गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही आणि भाकरी थापता येत नाही.

थोड्या वेळाने मी मागच्या खोलीत गेले. हिंगाची डबी उघडली आणि मास्क खाली करून नाक अगदी डबीत घातलं. थंड हवा आत गेल्यासारखं वाटलं. बाकी काही नाही.

डबी बंद केली, होती तिथे ठेवली आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

*

हे सगळं मी बरी झाल्यावर लिहिते आहे. दुसऱ्या लाटेनंतर निर्बंध उठायला लागले, तेव्हाची गोष्ट. माझा आजार फार मोठा नव्हता. ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यापुढे तो सांगण्यासारखाही नाही. पण आजारपणावर लोक लिहितात ते बहुतेक ताप, ऑक्सिजन आणि औषधांबद्दल असतं. पॉझिटिव्ह यायच्या आधीचे सहा दिवस कुणी लिहीत नाही. मला ते सहा दिवस लिहायचे आहेत.

आम्ही भोरला राहतो. पप्पा तिथल्या एका ऑफिसात आहेत. काकांचं हॉटेल मार्गासनीच्या रस्त्यावर, गडांवर जाणाऱ्यांच्या वाटेत. पाच टेबलं, मागे चूल, चुलीमागे काका-काकींचं घर. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या थांबतात. तेव्हा कित्येक आठवडे नुसतं पार्सल चालू होतं, म्हणजे काहीच चालू नव्हतं. गडावर जाणारा माणूस पार्सल घेऊन कुठे बसणार?

मग एका संध्याकाळी मोबाईलवर आदेश आला. निम्म्या टेबलांवर माणसं बसवायला परवानगी. काकांनी फोन करून मला तो वाचून दाखवायला सांगितला. आमच्या घरात कागद वाचायचं काम माझं. त्यात ‘शिथिल’ हा शब्द होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी कसंबसं. मी अडखळले. पप्पांनी शेजारून सांगितलं की शिथिल म्हणजे सैल.

“सैल म्हंजी सोडलंय का?” काकांनी विचारलं.

पप्पा म्हणाले, सैल म्हणजे सैल, सोडलेलं नाही. अजून पंधरा दिवस थांब, हे लवकर होतंय. काका म्हणाले, तुझा पगार घरी बसून येतो म्हणून तुला लवकर वाटतं.

“आन दावं सैल केल्याव जनावर तिथंच उभं ऱ्हातंय व्हय?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोघा भावांचं त्यावरून वाजलं. मला विचारलं असतं तर मी दोघांचंही बरोबर आहे म्हणाले असते. कुणी विचारलं नाही. कॉलेज बंद होतं, काकीला हाताखाली माणूस हवं होतं. शनिवारी हॉटेल उघडणार, म्हणून गुरुवारी मी मार्गासनीला गेले.

*

त्याआधीच्या सोमवारी मी भाटघरला गेले होते.

हे घरी माहीत नव्हतं. शाळेतल्या दोन मैत्रिणी, स्कूटीवर तिघी. महिनोन् महिने घरात बसून मला एवढंच हवं होतं की कुठेतरी बसावं आणि समोर भिंत नसावी. धरणाच्या कडेला आम्ही तासभर बसलो. एकीच्या डब्यातला चिवडा तिघींनी खाल्ला, एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो. आसपास आणखी बरीच माणसं होती. सगळ्यांनाच वाटत होतं की आता संपलं. मी फार बोलले नाही. मी नेहमीच फार बोलत नाही.

शनिवारी सकाळी, टेबलं पुसत असताना, त्यातल्या एकीचा मेसेज आला. तिची टेस्ट पॉझिटिव्ह होती, आम्ही दोघींनीही करून घ्यावी. मेसेज इंग्रजीत होता. मोबाईल टेबलावर उघडा पडला होता आणि काकी शेजारी उभी होती. तिने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा. “कुनाचा?” म्हणाली. मी म्हटलं, कॉलेजचा.

काकीला इंग्रजी वाचता येत नाही. काका मला कौतुकाने ‘आमच्या घरची डाक्टरीण’ म्हणायचे, कारण आजाराबद्दलचं जे काही यायचं ते मी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायचे. किती वेळ हात धुवायचे, वाफ घ्यायची की नाही, वास जाणं हे कशाचं लक्षण. मी जे सांगेन ते घरात पोचायचं. जे सांगणार नाही ते पोचायला दुसरा रस्ता नव्हता.

त्याच दुपारी भात लागला.

मी का बोलले नाही, याचं चांगलं कारण माझ्याकडे नाही. काकांनी टेबलांवर नवं मेणकापड घातलं होतं. काकीने आदल्या दिवशी स्वतः चूल सारवली होती. सुमनमावशीने घरून स्वतःची काटवट आणली होती. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. दुसऱ्या परातीत तिचा हात बसत नाही. सगळे मोठ्याने बोलत होते. त्यात मी एकटीने उभं राहून काहीतरी म्हणायचं, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघायचं. ते मला जमलं नाही. मी ठरवलं की संध्याकाळी सांगीन. संध्याकाळी ठरवलं की रविवार होऊ दे. काकीच्या ताटात मी दोन्ही दिवस जेवले. एका ताटात जेवायची आमची जुनी सवय.

मला ताप नव्हता. अंग जरा दुखत होतं. भीती वाटायला हवी होती, पण तसं काही झालं नाही. नाकाबरोबर आणखी काहीतरी बंद झाल्यासारखं होतं.

*

सोमवारी सुमनमावशी वेल्ह्याला भाचीच्या लग्नाला गेली. लग्नालाही आता ठरावीक माणसांची परवानगी मिळाली होती. येताना काकीसाठी कागदात बांधून बुंदी आणली.

गुरुवारी काकीला थंडी वाजून ताप आला. शुक्रवारी काकांनी टेम्पोत घालून आम्हा सगळ्यांना आरोग्य केंद्रावर नेलं. मावशीलाही खोकला होता, तिला वाटेत घेतलं. आवारात चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. नाकात काडी घातली की डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. मला त्या पाण्याचं बरं वाटलं, कारण ते कशाचं आहे हे कुणी विचारणार नव्हतं.

थोड्या वेळाने नावं पुकारली. काकी पॉझिटिव्ह, मावशी पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह. काका निगेटिव्ह. काका दोनदा म्हणाले, माझं पुन्यांदा बघा, माझंच चुकलं आसंल.

फॉर्म भरणारी ताई माझ्याएवढीच असेल. तिने विचारलं की गेल्या चौदा दिवसांत कुठे गेले होते, कुणाला भेटले. मी म्हटलं, कुठे नाही.

“ही कुठं जातीय,” काका लांबूनच म्हणाले. “हिला दुकानात धाडलं तरी घाम फुटतो.”

ताई हसली आणि तिने रेघ मारली. मग मावशीला तेच विचारलं. मावशीने लग्नाचं सांगितलं, सगळं, बुंदीसकट. ताईची मान वर झाली. ‘लागण कोठून झाली’ असा एक रकाना होता. तिघींच्याही फॉर्मवर त्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला, लग्न. मी माझा फॉर्म उलटा वाचत होते. मराठीत भातही लागतो, ठेचही लागते आणि रोगही लागतो. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

*

काकीला तिसऱ्या दिवशी धाप लागली. पुण्याच्या एका हॉस्पिटलात बेड मिळाला. मी आणि मावशी कोविड सेंटरवर. ते एक वसतिगृह होतं. एका खोलीत सहा खाटा, माझी खाट मावशीच्या शेजारी.

तिथला दिवस लहान लहान तुकड्यांचा असतो. सकाळी काढा. मग उकडलेलं अंडं आणि पोहे. मग पांढऱ्या पोशाखातली सिस्टर, जिचा चेहरा दिसत नाही, पाठीवर स्केचपेनने नाव लिहिलेलं. ती बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावते. त्यावर आकडा येईपर्यंत खोलीतलं कुणी बोलत नाही. मग जेवण. मग पुन्हा चिमटा. दिवसभर सगळेजण एकमेकांना विचारतात, तुम्हाला कुणाकडनं? जणू गाव विचारतात. मावशी प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. भाचीचं लग्न.

ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांना सांगण्यासारखं मला तिथलं थोडंच आहे. खिडकीजवळची खाट मिळाली तर घ्या. आमच्या खिडकीतून भाताच्या रोपांचा, तरव्याचा, एक हिरवा चौकोन दिसायचा आणि तो रोज थोडा उंच व्हायचा. चार्जरची वायर लांब न्या. घरच्यांचा फोन आला की बरं आहे म्हणा, पण एका माणसाला खरं सांगत जा. हे शेवटचं मी केलं नाही.

मावशीला स्वतःला ताप होता, तरी ती माझे केस विंचरायची. कुणाच्या डब्यातून थोडं खोबरेल तेल मागून आणलं होतं. दुपारी मोसंबी मिळायची. ती सोलून मावशी साल माझ्या नाकासमोर मोडायची. सालीतून बारीक तुषार उडालेले दिसायचे.

“आला?”

“नाही.”

“यील. उद्या यील.”

एक दिवस तिने विचारलं, कधीपासून वास येत नाही गं? मी म्हटलं, इथे आल्यापासून. ती म्हणाली, आस्सं. आणि मग स्वतःशीच हसली. त्या दिशी तुझा भात लागला तवा वहिनी कशा वरडल्या. ती हे असं सहज म्हणाली. दोन गोष्टी अगदी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींच्या मधून निघून गेली. तिच्या मनात काही आलंच नाही, कारण तिच्या मनात एकच गोष्ट होती. ती तिने त्याच दुपारी बोलून दाखवली. छताकडे बघत होती.

“भाची हाय म्हनून गेले. न्हवतं जायाला पायजे. वहिनींच्या जिवाव बेतलं माझ्यापायी.”

माझ्या हातात मोबाईल होता. भाटघरचा फोटो अजून त्यात होता.

“झोपा मावशी,” मी म्हटलं.

*

नवव्या दिवशी मला मोसंबीचा वास आला. पूर्ण नाही, लांबून कुणी हाक मारावी तेवढा. मावशीला झालेला आनंद मला आठवतो. तिने खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. मला स्वतःला काय वाटलं ते आठवत नाही. बहुतेक काही वाटलं नाही.

त्या दिवसांत काका आणि पप्पा फोनवर भांडत होते. पप्पा म्हणायचे, मी सांगत होतो ना थांब. काका म्हणायचे, मंग सरकारनं कशाला उघडायला सांगितलं, मी काय कायदा मोडला? एकदा काका रडले, असं आईने मला सांगितलं. पप्पांनी त्यांच्याशी चार दिवस बोलणं टाकलं. काकी तिकडे मशीनवर आणि घरात हे. मग फॉर्ममधला तो शब्द कुणीतरी पप्पांना सांगितला. लग्न. त्यानंतर दोघांचं भांडण मिटलं. उघडायची घाई झाली की नाही, हा प्रश्नच राहिला नाही. सुमन लग्नाला गेली आणि घेऊन आली. दोघेही भाऊ एकाच वाक्यावर आले. आईने मला ते चांगली बातमी म्हणून सांगितलं. दोघांचं जमलं बाई एकदाचं.

काकी महिन्याभराने घरी आली. तिचे केस गेले होते, हात काठीसारखे झाले होते. चुलीपुढे बसणं बंद. दारात खुर्ची टाकून बसायची. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, आणि मग उरलेलं वाक्य बोलायची. ती थांबली की आपण बोलायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी शिकून घेतलं. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत पोरंटोरंही गप्प राहायची.

मावशी त्याआधीच तिच्या वाडीत परतली होती. भाताच्या लावणीला तिला कुणी बोलावलं नाही. दुधाच्या डेअरीवर ती आली की रांग आपोआप तिच्यापासून लांब सरकायची, असं काकाच सांगत होते, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. हॉटेलच्या मागे तिचं जे जे होतं ते काकांनी बाहेर काढून ठेवलं होतं. एक जुनी साडी, चपला आणि काटवट. सगळ्यावर औषध फवारलं. साडी जाळली. काटवट कट्ट्यावर उघडी पडून राहिली, उन्हात आणि पावसात.

मला लोक विचारतात, कारण मी शिकलेली. तेव्हा निर्बंध लवकर उठवले का गं? आता माझ्याकडे उत्तर आहे. आमच्या घरापुरतं तरी लवकर उठवले. पण आदेश काढणाऱ्यांना आमचं घर माहीत नव्हतं. ज्याला वास येत नाही तो तसं सांगेल, हे त्यांनी धरलं होतं. मलाही वाटलं होतं की मी सांगेन. पप्पांचे पंधरा दिवस थांबलो असतो तर मी तेवढ्यात घरात बसून बरी झाले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं. म्हणून पप्पा बरोबर होते. आणि काकांनी कायदा मोडला नव्हता, हेही खरं. मोडला असेल तर मी.

*

मध्ये पुन्हा थोडं घट्ट झालं, आणि मग पुन्हा शिथिल. या वेळी मी न अडखळता वाचलं.

काकांनी हॉटेल उघडायचं ठरवलं. भाकरीला पलीकडच्या गावातली एक नवी बाई बघितली. मला फळा रंगवायला बोलावलं, पुणेवाल्यांना दिसेल असा. मजकूर त्यांनीच सांगितला. ‘येथील सर्व कामगार नवीन असून तपासलेले आहेत.’ मी पांढऱ्या रंगाने लिहिलं. ‘नवीन’मधली वेलांटी दोनदा पुसून नीट काढली. काकी खुर्चीत बसून बघत होती. अक्षर चांगलं आलंय म्हणाली.

रंग ओला होता तेव्हाच सुमनमावशी आली. रस्त्याच्या कडेलाच थांबली. नाकावर पदर, त्यावरून मास्क. नवी बाई येणार हे तिला कळलं असावं. ती काटवट न्यायला आली होती.

काकांनी दारातूनच हात केला. “तिकडं कट्ट्याव हाय. घिऊन जा. लांबनं.”

मावशी लांबून वळसा घालून कट्ट्यापाशी गेली. काटवट उलटी केली. आतलं पाणी सांडलं. लाकूड पांढरं पडलं होतं आणि आडवी एक चीर गेली होती, या काठापासून त्या काठापर्यंत. मावशीने चिरेवरून बोट फिरवलं. नखात लाकडाचा भुसा आला तो पदराला पुसला. काटवट कडेवर मूल घ्यावं तशी घेतली आणि निघाली. मग काकीसमोर, रस्त्याच्या पलीकडेच, उभी राहिली.

“वहिनी, आता कसं हाय?”

काकीने मान हलवली.

“म्या लग्नाला जायाला नको हुतं. माझ्यामुळं तुमचं हे झालं. पदर पसरते तुमच्यापुढं. वाडीतली बोलत न्हाईत त्याचं काय न्हाई. तुमी तेवढं मनात ठिवू नका.”

काकीचे ओठ हलले.

“सुमन, तुझ्यामुळं जे...” ती म्हणाली आणि थांबली. श्वास घ्यायला.

वाक्य तिथेच होतं. पुढे माफी होती की दुसरं काही, कुणालाच माहीत नव्हतं. मावशी काटवट धरून वाट बघत होती. सगळ्यांनी शिकून घेतल्याप्रमाणे सगळे थांबले. माझ्या हातात ब्रश होता, त्यातून पांढरा रंग माझ्या पायावर ठिबकत होता. रंगाचा वास येत होता. मला चांगला येत होता.

त्या थांबण्यात मी पहिल्यांदाच मध्ये बोलले. आवाज माझाच होता, पण बराच मोठा आला.

“मावशींनी नाही आणलं. भात लागला त्या दिवशी मला वास येत नव्हता. मला माहीत होतं, काकी.”